नमपायसारख्या प्रकल्पाच्या वेबसाइटला हात लावायचा असेल तर

मी नांदेडला बी.एस्सी.च्या मुलामुलींना प्रोग्रामिंग शिकवते. मुक्त सॉफ्टवेअरला, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरला, हातभार लावा म्हटलं की वर्गातून हमखास एकच उत्तर येतं: "मॅडम, आम्हाला एवढं कुठं येतंय?" नमपाय, सायपाय, जूलिया, ऑक्टेव्ह अशा गणिती सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांचा गाभा लिहायला गणित आणि प्रोग्रामिंग दोन्ही पक्कं लागतं, यात शंका नाही. पण या प्रत्येक प्रकल्पाला एक वेबसाइट असते. सॉफ्टवेअर काय आहे, ते कसं बसवायचं, कुठून शिकायचं, अडलं तर कुणाला विचारायचं, हे सगळं त्या साइटवर असतं. ती सांभाळणारी माणसं बहुतेक वेळा स्वतःचं पोटापाण्याचं काम सांभाळून हे करतात, त्यामुळे तिथे काम कायम शिल्लक असतं.

आणि या कामाला नवखा माणूसच हवा असतो. जो दहा वर्षं नमपाय वापरतोय तो इन्स्टॉलचं पान उघडतच नाही, मग त्यात काय खटकतं ते त्याला दिसणार कसं? ते दिसतं परभणीच्या वसतिगृहात फोनवर पहिल्यांदा ते पान उघडणाऱ्या मुलीला. तुम्हाला जे कळत नाही तेच तुमचं भांडवल आहे, आणि ते फार दिवस टिकत नाही. महिनाभरात तुम्हीही सरावता आणि ती अडचण दिसेनाशी होते. म्हणून सॉफ्टवेअर नीट येईपर्यंत थांबू नका, आत्ताच सुरू करा.

प्रकल्प कोणता घ्यायचा

तुम्ही अभ्यासासाठी जे वापरताय ते. यादी बघून, गिटहबवर कुणाला जास्त स्टार (पसंतीच्या खुणा) आहेत ते बघून निवडू नका. या लेखात मी नमपायचं उदाहरण घेते, कारण आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत पायथॉन आलं की पाठोपाठ तेच येतं. न्यूमेरिक आणि नमअ‍ॅरे अशा दोन जुन्या लायब्ररींचं काम एकत्र करून ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी २००५ मध्ये ते उभं केलं आणि २००६ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. आकड्यांच्या मोठमोठ्या तक्त्यांवर झपाट्याने गणित करायचं, हे त्याचं मुख्य काम.

नमपायच्या साइटवर मराठवाड्यातल्या वाचकाने आधी उघडावं असं एक पान आहे: गुरुत्वीय लहरींच्या (प्रचंड वस्तूंच्या टकरीमुळे अवकाशात उठणाऱ्या तरंगांच्या) शोधात नमपाय कसं वापरलं गेलं याची माहिती देणारं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तसं जाहीर केलं. त्याच महिन्यात लायगो-इंडिया या भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. ही वेधशाळा होतेय ती आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं यंत्र तिथे उभं राहणार आहे. औंढ्याची किंवा वसमतची लेकरं उद्या हे शोधायला बसतील तेव्हा अशाच पानांवर पोचतील. ती पानं त्यांना नीट वाचता यावीत, हे काम आपणच केलेलं बरं.

त्याच साइटवर कृष्णविवराच्या पहिल्या छायाचित्राबद्दल आणि चक्क क्रिकेटच्या आकडेवारीबद्दलही पान आहे. विज्ञानात रस नसलेल्या मित्राला क्रिकेटचं पान वाचायला द्या. तो कुठे अडखळतो ते बघितलं तरी बरंच हाती लागेल.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या, नाहीतर पुढे घोळ होतो. वेबसाइट आणि डॉक्युमेंटेशन या बहुधा दोन वेगळ्या जागा असतात. नमपायचं मुख्य संकेतस्थळ स्वतःच्या स्वतंत्र रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या सगळ्या फाइल्स ठेवायच्या जागेत) आहे आणि ते ह्यूगो नावाच्या साधनाने तयार होतं. प्रत्येक फंक्शनची माहिती देणारं डॉक्युमेंटेशन मात्र नमपायच्या मूळ कोडसोबतच राहतं आणि स्फिंक्सने तयार होतं. जूलियाची साइट फ्रँकलिन या जूलियातच लिहिलेल्या साधनावर चालते. तुम्हाला चूक दिसली ती कुठल्या घरातली, हे पत्ता बघून ठरवा. तळाशी किंवा कडेला 'या पानात बदल करा' अशी लिंक असेल तर ती थेट योग्य फाइलवर नेते.

आधी फक्त वाचायचं

पहिले काही दिवस काहीही बदलायला जाऊ नका. साइट वाचा, आणि जिथे अडाल तिथे त्याच क्षणी वहीत लिहा. अडचण सुटल्यावर लिहायला बसलात तर ती क्षुल्लक वाटून गळून जाते.

वाचायचं ते फोनवर. कॉलेजच्या लॅबमधला मोठा स्क्रीन बाजूला ठेवा. आपल्याकडची बहुतेक मुलं फोनवरच वाचतात, तेही संध्याकाळी सगळ्या गावाचं नेट रांगायला लागतं तेव्हा. लॅपटॉप असेल तर क्रोममधल्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करता येतो आणि स्क्रीनची रुंदी ३६० पिक्सेलवर आणून बघता येते. ब्राउझरमध्येच पायथॉन चालवून दाखवणारी सोय अनेक साइट्सवर असते. ती सुरू व्हायला काही एमबी उतरवून घ्यावे लागतात. तेवढा वेळ पडदा रिकामा राहतो की 'थांबा, लोड होतंय' असं काही दिसतं, हे वेगवान नेटवर कधी लक्षातच येत नाही.

एक प्रसंग सांगते. जिंतूरकडची एक विद्यार्थिनी नमपाय बसवत होती. एका शिकवणीच्या पानावर 'पिप इन्स्टॉल नमपाय' ही कमांड दिलेली होती (पिप म्हणजे पायथॉनच्या लायब्ररी बसवणारं साधन). तिने आधी पायथॉन उघडलं, तीन कोनांची खूण आली, आणि तिथेच ती कमांड टाइप केली. सिंटॅक्स एरर. स्पेलिंग तपासलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा तीच एरर. तिचं काही चुकलं नव्हतं. पायथॉनची लायब्ररी बसवायची तर पायथॉन उघडावं, हाच विचार सरळ आहे. ती कमांड पायथॉनच्या आत नव्हे, बाहेर कमांड प्रॉम्प्टमध्ये द्यायची असते, हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग तिने दुसरं एक पान उघडून तिथली ओळ कॉपी केली. तिच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह होतं. लिनक्सवाल्यांना माहीत असतं की ती नुसती प्रॉम्प्टची खूण आहे, टाइप करायची नाही. विंडोजने तो डॉलरच कमांड समजून 'ओळखत नाही' म्हणून सांगितलं. हिचा अर्धा दिवस गेला.

या दोन्ही अडचणींवर उपाय किती लहान आहे बघा. पहिलीसाठी एक वाक्य: ही ओळ कमांड प्रॉम्प्टमध्ये लिहा, पायथॉनमध्ये नाही. दुसरीसाठी ते डॉलरचं चिन्ह काढून टाकायचं, किंवा कॉपी करताना ते निवडलंच जाणार नाही अशी सोय करायची. असे बदल प्रोग्रामिंगच्या दृष्टीने किरकोळ असतात, पण जगभरच्या कितीतरी नवख्यांचा अर्धा-अर्धा दिवस वाचवतात. मी मुलांना हेच काम आधी करायला लावते.

लॅबमधली जुनी कॉम्प्युटर्सही अशीच एक खाण आहे. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथॉन म्हणजे ३.८, त्यानंतरचे इन्स्टॉलर तिथे चालत नाहीत. आणि ३.८ वर पिप जे नमपाय आणतं ते १.२४ च्या पुढे जात नाही. साइटवरचं उदाहरण नमपाय २ साठी लिहिलेलं असेल तर ते तुमच्याकडे कदाचित चालणार नाही, आणि तुम्हाला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं. उलटंही होतं: जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत 'एनपी डॉट फ्लोट' लिहिलेलं असतं. ते १.२० मध्ये वापरू नका म्हणून सांगितलं गेलं आणि १.२४ मध्ये काढूनच टाकलं. वेबसाइटवरच्या 'शिका' या पानावरून बाहेरच्या ज्या शिकवण्यांकडे लिंक गेल्यात, त्यातल्या किती अजून चालतात हे तपासणं हे वेळखाऊ पण फार मोलाचं काम आहे. ज्याच्याकडे एक दुपार आहे आणि थोडं पायथॉन येतं, अशा कुणालाही ते जमेल.

कम्युनिटीचं पान वेगळं बघा

हे पान नवख्याला दार उघडून आत घेतं किंवा दारातूनच परत पाठवतं. प्रश्न कुठे विचारायचा, चूक कुठे कळवायची, गप्पा कुठे चालतात, आचारसंहिता कुठे आहे, कुणी वाईट वागलं तर कुणाला सांगायचं, हे सगळं एका नजरेत सापडतं का? बंद पडलेल्या चॅटची लिंक अजून तशीच आहे का? दोन वर्षांपूर्वी होऊन गेलेली परिषद अजून 'येणार' म्हणून दिसतेय का?

बैठकांच्या वेळा हमखास तपासा. समजा पानावर लिहिलंय की कम्युनिटीची बैठक पॅसिफिक वेळेप्रमाणे सकाळी अकराला असते. उन्हाळ्यात ती आपल्याकडे रात्री साडेअकराला येते. पण नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, आणि तीच बैठक आपल्याकडे रात्री साडेबाराला, म्हणजे दुसऱ्या तारखेला जाते. मार्चमध्ये पुन्हा मागे येते. आपल्याकडे घड्याळं बदलत नाहीत, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. पोरगं बिचारं लिंक उघडून एक तास बसतं, कुणी येत नाही, आणि परत कधी त्या वाटेला जात नाही. अशा ठिकाणी यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ आणि कॅलेंडरची लिंक टाकायला सुचवा. कॅलेंडर स्वतःच आपल्या वेळेत दाखवतं.

दिसायला कमी असणाऱ्यांचाही विचार करा. चित्राला पर्यायी मजकूर आहे का, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला त्या आलेखात काय दाखवलंय ते कळेल का? नुसतं 'चित्र १' लिहिलेलं असेल तर तो मजकूर नसल्यातच जमा. साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ असावा असं वेबच्या सुगमतेचं प्रमाण सांगतं. क्रोममधलं लाइटहाउस हे साधन ते तपासून देतं. माऊस बाजूला ठेवून नुसत्या टॅब बटणाने सगळा मेन्यू फिरता येतो का, तेही बघा. आलेखाचं वर्णन लिहायला तुम्हाला तो आलेख स्वतः समजून घ्यावा लागतो, म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मी हे काम आग्रहाने सांगते.

आता गिटहबचं खातं

गिटहब म्हणजे असे प्रकल्प आपल्या फाइल्स जिथे ठेवतात ती साइट. तिथे खातं उघडताना दोन गोष्टी. ईमेल खासगी ठेवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो चालू करा, नाहीतर प्रत्येक कमिटसोबत, म्हणजे नोंदवलेल्या बदलासोबत, तुमचा ईमेल पत्ता जगजाहीर होतो. दुसरं म्हणजे, २०२३ पासून गिटहबने कोडला हातभार लावणाऱ्यांसाठी दुहेरी पडताळणी सक्तीची केली आहे. ती सुरू करताना जे रिकव्हरी कोड मिळतात ते कागदावर लिहून घरी ठेवा. आपल्याकडे फोन बदलतो, सिम बदलतं, फोन भावाकडे जातो. कोड नसतील तर खातं गेलं, आणि त्याच्यासोबत केलेल्या कामाची नोंदही.

मग त्या रिपॉझिटरीतली रीडमी (प्रकल्पाची ओळख) आणि कॉन्ट्रिब्युटिंग (हातभाराचे नियम) या फाइल्स पूर्ण वाचा. पूर्ण म्हणजे पूर्ण. नव्या माणसाला परत पाठवण्याची निम्मी कारणं त्यातच लिहिलेली असतात.

इश्यू लिहिणं

इश्यू म्हणजे गिटहबवर चूक किंवा सूचना कळवणारी नोंद. वहीतली यादी घ्या आणि प्रत्येक गोष्ट आधी जुन्या इश्यूंमध्ये शोधा, उघड्या आणि बंद दोन्ही. आधीच कुणी लिहिलं असेल तर त्याच्याखाली तुमचा अनुभव जोडा: कुठला फोन, कुठला ब्राउझर, काय दिसलं. सापडलं नाही तर नवा इश्यू.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. चांगल्या इश्यूला लहान, सरळ वाक्यं लागतात, आणि ती मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना छान जमतात. पानाचा पत्ता. मी काय करत होतो. मला काय दिसायला हवं होतं. प्रत्यक्षात काय दिसलं. स्क्रीनशॉट. माझ्या मते काय बदलावं. एवढं पुरे. 'तुमची साइट फार छान आहे पण' अशी प्रस्तावना नको, आणि 'साइट एकदम बेकार आहे' हेही नको. एका इश्यूत एकच गोष्ट लिहा. पाच गोष्टी एकत्र कोंबल्या तर चार सुटतात आणि पाचवीसाठी इश्यू वर्षभर उघडा राहतो.

लहान गोष्ट, म्हणजे तुटलेली लिंक किंवा शुद्धलेखनाची चूक असेल तर इश्यूशिवाय थेट बदल पाठवला तरी चालतं. पण मजकुराचा आशय बदलायचा असेल तर आधी विचारा. उदाहरणार्थ, गुरुत्वीय लहरींच्या पानावर लायगो-इंडियाचा उल्लेख यावा असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण ते पान नमपाय कसं वापरलं गेलं हे सांगायला लिहिलेलं आहे, वेधशाळांची यादी द्यायला नाही. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव यावं ही इच्छा बाजूला ठेवून वाचकाला त्यातून काय मिळेल ते मांडा, आणि निर्णय ते पान सांभाळणाऱ्यांवर सोडा. नाही म्हणाले तर तेही काम झालंच.

बदल करणं: सोपी वाट

दोन-चार शब्दांच्या दुरुस्तीसाठी गिट (बदलांचा हिशेब ठेवणारं साधन) बसवायची गरज नाही. गिटहबवर ती फाइल उघडा, पेन्सिलच्या चिन्हावर टिचकी मारा. तुमच्या खात्यात रिपॉझिटरीची प्रत, म्हणजे फोर्क, आपोआप होतो. बदल करा, काय केलं ते एका ओळीत लिहा, आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल स्वीकारा अशी विनंती, उघडा. हे फोनवरूनही होतं. लॅपटॉप नाही म्हणून कुणी मागे राहायचं कारण नाही. पहिली पुल रिक्वेस्ट अशीच करा, म्हणजे सगळी वाट एकदा पायाखालून जाते.

मोठ्या बदलासाठी साइट आपल्या मशीनवर

चित्रं, मांडणी, अनेक पानं असा बदल असेल तर साइट स्वतःच्या मशीनवर उभी करून बघावी लागते. आधी फोर्क, मग क्लोन, म्हणजे ती प्रत आपल्या मशीनवर उतरवून घेणं. क्लोन करताना डेप्थचा पर्याय देऊन तो एकवर ठेवा. मग जुना सगळा इतिहास उतरत नाही, फक्त आजची अवस्था येते. रोजच्या डाटा पॅकवर काम करणाऱ्यांना हे माहीत असलंच पाहिजे.

साइटचं रूप ठरवणारी थीम कधी कधी वेगळ्या रिपॉझिटरीत असते आणि सबमोड्यूल (रिपॉझिटरीच्या आतली दुसरी रिपॉझिटरी) म्हणून जोडलेली असते. ती आणायला वेगळी कमांड द्यावी लागते, रीडमीत ती दिलेली असते. ती विसरलात तर साइट उघडते पण कोरी, किंवा उघडतच नाही. नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

ह्यूगो ही एकच फाइल आहे, ती बसवणं अवघड नाही. फक्त प्रकल्पाने जी आवृत्ती सांगितली असेल तीच घ्या, आणि 'एक्स्टेंडेड' म्हटलं असेल तर एक्स्टेंडेडच. सगळ्यात नवी घेतली की थीमशी पटत नाही असं पुष्कळदा होतं. ह्यूगोचा सर्व्हर सुरू केला की ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या १३१३ पोर्टवर साइट दिसते. फाइल सेव्ह केली की पान स्वतःच बदलतं. एकदा सगळं उतरवून घेतलं की नेट नसतानाही काम चालतं, हा आपल्याकडे फार मोठा फायदा.

पानांचा मजकूर मार्कडाउन फाइल्समध्ये (मथळे, याद्या यांच्या साध्या खुणा असलेल्या मजकुराच्या फाइल्समध्ये) असतो. नमपायच्या साइटवर 'कंटेंट' या फोल्डरात प्रत्येक भाषेचं वेगळं फोल्डर आहे, इंग्रजीचं 'ईएन'. काम सुरू करण्याआधी नवी ब्रँच (आपल्या बदलांची वेगळी फांदी) काढा आणि तिला कामाचं नाव द्या. 'पॅच वन' असलं नाव देऊ नका.

कमिट करण्याआधी फरक बघायची सवय लावा. विंडोजवर एक त्रास होतो: तुम्ही दोन शब्द बदलता आणि फरकात अख्खी फाइल लाल-हिरवी दिसते. ओळ संपल्याची खूण विंडोजमध्ये वेगळी आणि लिनक्समध्ये वेगळी असते, आणि एडिटरने ती सगळीकडे बदलून टाकलेली असते. गिटची ऑटो-सीआरएलएफ ही सेटिंग चालू केली की हे टळतं. दुसरं कारण म्हणजे एडिटरमधला आपोआप फॉरमॅट करणारा एक्स्टेन्शन. या कामापुरता तो बंद ठेवा. तपासणाऱ्या माणसाला तुमचे दोन शब्द तीनशे ओळींत शोधायला लावू नका.

चित्र टाकत असाल तर ते लहान करून टाका, आणि ते कुठून आणलं हे सांगता आलं पाहिजे. गूगलवर सापडलेलं चित्र आपलं नसतं. मुक्त परवान्याचं घ्या किंवा स्वतः तयार करा. एआयकडून मजकूर लिहून घेतला असेल तर प्रत्येक वाक्य स्वतः पडताळा आणि प्रकल्पाचा त्याबाबत काही नियम असेल तर तो पाळा.

पुल रिक्वेस्ट आणि त्यानंतर

वर्णनात काय बदललं आणि का, एवढं लिहा. इश्यूचा क्रमांक द्या. दिसणारा बदल असेल तर आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट जोडा, त्यात फोनवरचा एक असू द्या. नमपायच्या मूळ रिपॉझिटरीत शीर्षकाआधी 'डॉक', 'बग', 'मेंट' असे उपसर्ग लावायची पद्धत आहे. प्रत्येक प्रकल्पाची रीत वेगळी, आधीच्या दहा पुल रिक्वेस्ट वाचल्या की ती कळते. बऱ्याच प्रकल्पांत पुल रिक्वेस्ट उघडल्यावर काही मिनिटांत बदललेल्या साइटची झलक दाखवणारी लिंक तयार होते. ती स्वतः उघडून बघा, मित्रालाही पाठवा.

मग वाट बघायची. पलीकडे स्वयंसेवक आहेत, वेळेचा फरक आहे, त्यांचीही घरं आहेत. दोन आठवडे काहीच हालचाल नसेल तर एकदा नम्रपणे आठवण करा. सूचना आल्या तर नवीन पुल रिक्वेस्ट उघडू नका, त्याच ब्रँचवर बदल करून पुश करा (गिटहबवर पाठवा), ती आपोआप अद्ययावत होते. सूचना पटली नाही तर कारण देऊन सांगा. तसं बोललेलं चालतं, किंबहुना हवं असतं. आपल्याकडे मोठ्या माणसाला उलट बोलू नये असं वळण असतं, पण इथे "हे मला समजलं नाही, जरा समजावून सांगाल का?" असं विचारणाऱ्या माणसाची किंमत वाढते.

नुसती संख्या वाढवायला बदल पाठवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात, टी-शर्टसाठी रीडमीत एखादा शब्द घुसवणाऱ्या पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना नियमच बदलावे लागले, आणि प्रकल्पाने स्वतः होकार दिला तरच तिथली कामं मोजायची असं ठरलं. तो ढीग उपसणारी माणसं हीच होती, जी तुमची पुल रिक्वेस्ट तपासणार आहेत.

मराठीत आणायचं असेल तर

हा विषय निघाला की सगळ्यांचे डोळे चमकतात. माझेही. नमपायच्या साइटवर इंग्रजीखेरीज जपानी आणि पोर्तुगीज भाषांतरं आधी आली, आणि भाषांतराचं काम क्राउडिन या भाषांतराच्या वेबसाइटवर चालतं. असं असेल तिथे भाषांतरित फाइल गिटहबवर थेट बदलू नका. पुढच्या वेळी क्राउडिनवरून मजकूर आला की तुमचा बदल पुसला जातो. मराठी भाषा यादीत नसेल तर ती मागण्याआधी निदान तीन-चार माणसं जमवा: भाषांतर करणारी, तपासणारी, आणि सहा महिन्यांनी मूळ पान बदललं की पुन्हा बघणारी. अर्धवट राहिलेली मराठी आवृत्ती वाचकाला जुनी, चुकीची माहिती देत राहते. माझं मत विचाराल तर आधी इन्स्टॉलचं पान आणि नवख्यांसाठीचं पान, एवढंच पूर्ण करावं.

भाषांतर झालं की पहिल्या वर्षाच्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. जिथे वाचणारा थांबतो तिथे वाक्य तोडा. लॅबमध्ये आपण जे बोलतो तेच शब्द ठेवा, अ‍ॅरेला अ‍ॅरे आणि फाइलला फाइल.

देवनागरीसाठी साइटच्या रूपातही बदल लागतात, आणि ते मराठी वाचणाऱ्यालाच सुचतात. इंग्रजी मथळ्यांची अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून स्टाइलमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवलेलं असतं. तेच देवनागरीला लागलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द ठिगळासारखा दिसतो. मराठी पानांपुरतं ते अंतर शून्यावर आणा. ओळींमधली जागा इंग्रजीच्या मापाने ठेवली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन बसतो, म्हणून ती थोडी वाढवा. पानाच्या भाषेची खूण 'एमआर' आहे ना, ते तपासा. चांगले फॉन्ट ती खूण बघून ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. स्क्रीन रीडरलाही कुठल्या आवाजात वाचायचं ते त्या खुणेवरूनच कळतं. 'सुधारणाऱ्या', 'दुसऱ्या' यांतला ऱ्य फॉन्टमध्ये नीट उमटतो का, ते फोनवर बघा. आणि डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून आणलेला मजकूर तसाच चिकटवू नका. जुन्या फॉन्टमधली ती अक्षरं वेबवर निरर्थक चिन्हं होऊन येतात, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

कमांड लाइन, लिनक्स, पायथॉन यांची तोंडओळख मराठीतून हवी असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठी आवाजात आहेत. माझ्या वर्गातली मुलं तिथूनच सुरुवात करतात.

बदल स्वीकारला गेल्यावर

साइटवर तो प्रत्यक्ष आला का ते काही वेळाने उघडून बघा, फोनवरही. तुमच्या मशीनवर बरोबर दिसणारी गोष्ट तिथे बिघडलेली असू शकते, आणि ती सगळ्यात आधी तुम्हाला कळली पाहिजे. इश्यू आपोआप बंद झाला नसेल तर तिथे एक ओळ लिहा. ब्रँच काढून टाका आणि पुढच्या कामाआधी फोर्क मूळ रिपॉझिटरीशी सिंक करा, शिळ्या प्रतीवर नवं काम सुरू केलं की नंतर कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी भिडलेले दोन बदल) सोडवत बसावं लागतं. मग वहीतली पुढची ओळ घ्या. आणि कॉलेजातला दुसरा कुणी पहिली पुल रिक्वेस्ट पाठवत असेल तर तिच्या झलकेची लिंक तुमच्या फोनवर उघडून काय दिसतं ते तिथे लिहा. तपासणाऱ्यांना अशी नोंद फार उपयोगी पडते, आणि ती द्यायला कुणाच्या परवानगीची गरज नसते.